रुपया निघाला मुलचेऱ्याला

मुलांनो, मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातील जंगलाचा तालुका आहे. तेथे मराठीबरोबर गोंडी, माडिया, बंगाली आणि तेलुगू या भाषाही कानावर पडतात. समजा, तेथील एका नाल्यावर पूल हवा आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की मुलांची शाळा बुडते. पुलासाठी सरकारी पैसा लागणार. तो कोणाच्या परवानगीने निघतो आणि त्याचा हिशेब कोण मागतो?

जिल्हा, तालुका, महसूल, जमा, खर्च, बाकी, मंजूर, हिशेब हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. अरबी-फारसीतून ते मराठीत आले आणि इथलेच झाले. 'अर्थसंकल्प' हा शब्द मात्र नीट समजून घ्या. अर्थ म्हणजे पैसा आणि संकल्प म्हणजे इरादा. आपण उर्दूत त्याला बजट म्हणतो.

सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होते व 31 मार्चला संपते. राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला जातो. विधानसभेत 288 आमदार निवडून येतात. मुलचेरा तालुका अहेरी मतदारसंघात येतो. प्रत्येक खाते आपली मागणी सभागृहापुढे ठेवते. आमदार प्रश्न विचारतात, कपात सूचना देतात. विधानसभेने मंजुरी दिल्याशिवाय सरकारला राज्याच्या तिजोरीतून खर्च करता येत नाही. विधानपरिषद चर्चा करते, पण धनविधेयक 14 दिवसांपेक्षा जास्त रोखू शकत नाही.

पैसा मंजूर झाला म्हणजे पूल झाला, असे मात्र समजू नका. दूरच्या भागाला त्याचा वाटा मिळतो का, हा महाराष्ट्रातील जुना वाद आहे. 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे तिने मोजले. या मागे राहिलेल्या कामाला 'अनुशेष' म्हणतात. बकायाच म्हणा ना! समितीने राज्याचा अनुशेष 3186.78 कोटी रुपये काढला. त्यातला 1246.55 कोटींचा अनुशेष एकट्या विदर्भाचा होता. तोपर्यंत जी तक्रार होती, तिला आता आकडा मिळाला. आकड्याला उत्तर द्यावेच लागते. पुढे 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.

आदिवासी भागाची गोष्ट याहून बोलकी आहे. पूर्वी प्रत्येक खाते आपल्या योजनांतून आदिवासींसाठी काही रक्कम कागदावर दाखवी. प्रत्यक्ष गावात काय पोचले, हे कळणे कठीण होते. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर 1993-94 पासून पद्धत बदलली. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 9 टक्के योजना-निधी आधीच बाजूला काढायचा आणि तो कोठे खर्चायचा हे आदिवासी विकास विभागाने ठरवायचे, असे झाले. बदल लहान दिसतो, पण मोठा आहे. आता जाब कोणाला विचारायचा हे स्पष्ट झाले.

खर्च झाल्यावर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. त्यांचा अहवाल विधिमंडळात येतो. त्यावरून लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारणा करते. हे काम उशिरा होते, ही त्याची उणीव आहे. पूल खचून गेल्यावर त्याचा अहवाल वाचून नाला ओलांडता येत नाही!

म्हणून गावाने स्वतः विचारावे. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने कोणताही नागरिक 10 रुपये शुल्क भरून अर्ज करू शकतो. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुलासाठी किती रक्कम मंजूर झाली? किती खर्च झाली? काम कोणत्या तारखेला संपायचे होते? हेच प्रश्न ग्रामसभेतही विचारता येतात.

स्वाध्याय
1. अनुशेष म्हणजे काय?
2. 'मंजूर' आणि 'खर्च' यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
3. तुमच्या भागातील एखाद्या सरकारी कामाचा फलक वाचा. त्यावरील रक्कम व तारीख वहीत उतरवा. काम त्या तारखेला झाले का, ते लिहा.