वडिलांच्या काठ्या, मुलीची उंची

प्रश्न : वडिलांचा स्टील शाफ्टचा जुना गोल्फ आयर्न सेट मुलीला द्यायचा आहे, पण तिला तो लांब पडतो. घरी कापता येईल का?

उत्तर : येईल. कापायचा तो ग्रिपच्या बाजूने. डोक्याकडचे टोक कापले तर शाफ्ट फारच ताठ होतो. जुनी ग्रिप चाकूने चिरून काढा. स्टीलला प्लंबरचा पाइप कटर उत्तम. (ग्रॅफाइट असता तर बारीक दात्यांची करवत आणि तोंडाला मास्क लागला असता.)

खरी गोम पुढे आहे. अर्धा इंच कापला की स्विंगवेट साधारण तीन अंकांनी उतरते. म्हणजे फिरवताना क्लबचे डोके हाताला जाणवेनासे होते. डोक्यामागे शिशाची चिकटपट्टी लावून ते भरून काढता येते : एका अंकाला सुमारे 2 ग्रॅम. पण इंचभर कापलेत तर सगळी भरपाई करू नका. मुलीला हलका क्लबच बरा, थोडीशीच पट्टी लावून तिला फिरवू द्या. शिसे हाताळल्यावर हात धुवा.

नवी ग्रिप बसवणे सोपे. शाफ्टवर दुहेरी चिकटपट्टी गुंडाळा, ग्रिपमध्ये आणि पट्टीवर मिनरल टर्पेंटाइन सढळ हाताने ओता आणि एका दमात सरकवा. रेंगाळलात तर ती अर्ध्यात अडकते. खिडक्या उघड्या, गॅस बंद. रात्रभर वाळू द्या.

सगळा सेट एकदम कापू नका. आधी फक्त सात नंबरचा आयर्न कापून मुलीला रेंजवर न्या.