उजवी करोनरी आणि 'पित्ताचा' त्रास

अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर 'राइट डॉमिनंट' असं छापलेलं पाहून बरेच जण धास्तावतात. हा आजार नव्हे. १० पैकी ७-८ जणांची ठेवण अशीच असते. हृदयाच्या मागच्या-खालच्या भागाला रक्त देणारी फांदी त्यांच्यात उजव्या करोनरी धमनीतून, म्हणजे आरसीएतून निघते.

ही आरसीए महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या जरा वर सुरू होते आणि उजव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या खाचेतून वळसा घेत हृदयाच्या मागे जाते. जाडी जेमतेम ३-४ मिलिमीटर. ठोका सुरू करणाऱ्या एसए नोडला सुमारे ६० टक्के लोकांत तीच रक्त पुरवते. ठोका खालच्या कप्प्यांकडे पोचवणारा एव्ही नोडही बहुतेकांत तिच्यावरच अवलंबून असतो.

त्यामुळे ती तुंबली की नाडी मंदावू शकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, दरदरून घाम फुटतो. त्यातच हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला. म्हणून छातीऐवजी बेंबीच्या वर दुखतं, मळमळतं, उलटी होते. घरच्यांचं निदान तयारच असतं: "काल लग्नात जड जेवण झालं, पित्त खवळलंय." मग ओवा, सोडा, थंड दूध आणि 'सकाळी बघू'. पोटात दुखण्याबरोबर घाम आणि चक्कर असेल, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असेल, तर सकाळची वाट पाहू नका. ईसीजीला दहा मिनिटंही लागत नाहीत. छातीच्या उजव्या बाजूला लीड लावूनही तो काढला जातो. डॉक्टर तसं करू लागले तर गोंधळू नका.

शेजारच्या काकांच्या डबीतली सॉर्बिट्रेट ही हृदयविकाराची गोळी जिभेखाली ठेवायची सवय मला या 'सकाळी बघू'हून धोक्याची वाटते. या गोळीने शिरा सैलावतात आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. हृदयविकाराच्या झटक्यात उजवा खालचा कप्पा सापडला असेल, तर नेमकं त्याच रक्तावर त्याचं काम निभत असतं. अशा वेळी रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. गोळी तुम्हालाच लिहून दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. तरी चक्कर येत असेल, रक्तदाब कमी असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

१०८ ला फोन करा, रुग्णाला आडवं झोपवा. जिना उतरायला लावू नका आणि स्कूटरवर मागे बसवून तर मुळीच नेऊ नका, कारण नाडी मंदावलेला माणूस वाटेत केव्हाही शुद्ध हरपून खाली पडू शकतो.