उडत्या पक्ष्याचा फोटो

होळीच्या सुटीत माझा मामा नागपूरहून आला. त्याच्याजवळ चांगला कॅमेरा आहे. मी म्हटलं, "मामा, मला बगळ्याचा उडतानाचा फोटो काढून दे." मामा म्हणाला, "मी नाही, तूच काढ." त्यात मला जे समजलं ते लिहिते.

पाणपक्ष्यांचे फोटो काढायला लोक समुद्राकडे जातात. ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी येतात. तिथे २०१५ साली त्यांचं अभयारण्य झालं. आपल्या वणी तालुक्यात समुद्र कुठला? पण निर्गुडा आहे, वर्धा नदी आहे आणि आमच्या गावचा तलाव आहे. तिथे बगळे, ढोकरी, टिटव्या आणि लांब गुलाबी पायांचे शेकाटे दिसतात.

माझा पहिला फोटो म्हणजे नुसतं पांढरं फडकं! मामानं हिशोब घातला. समजा, बगळा तासाला ३६ किलोमीटर उडतो. म्हणजे एका सेकंदात १० मीटर. कॅमेऱ्यात पडदा असतो, त्याला शटर म्हणतात. ते सेकंदाचा ५० वा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात बगळा २० सेंटिमीटर पुढे जातो. मग फोटो पुसटच येणार. हजारावा भाग उघडलं, तर तो एकच सेंटिमीटर सरकतो. हा हिशोब मी पाटीवर दोनदा करून पाहिला, बरोबर आहे.

सूर्य आपल्या पाठीशी पाहिजे. वारापण पाठीमागूनच यावा, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो. म्हणजे तो आपल्याकडेच येतो. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवत राहायचा, बटण दाबल्यावरही थांबवायचा नाही.

पण पक्षी उडतच नव्हते. मला कंटाळा आला. मी टाळ्या वाजवत काठानं पळाले. दोन टिटव्या ओरडत डोक्यावर आल्या. मामा जोरात ओरडला, "अगं थांब! पाय उचलू नको!" माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. घरटं कसलं, नुसते खडे. माझे हातपाय थरथरले. मामा रागावला नाही, पण बोललाही नाही. आम्ही लगेच लांब गेलो. उन्हात अंडी उघडी राहिली तर आतलं पिल्लू मरतं. म्हणून टिटवी त्यावर सावली धरते, पोटाची पिसं भिजवून आणते. आजी म्हणते टिटवी ओरडली की अशुभ. मला वाटतं, ती पिल्लांसाठीच ओरडत असेल.

ती परत अंड्यांवर बसेपर्यंत आम्ही बाभळीखाली थांबलो. बराच वेळ लागला. तोवर मामानं सांगितलं की, १८८२ साली फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञानं बंदुकीसारखा कॅमेरा केला होता. घोडा दाबला की सेकंदाला १२ फोटो निघत. पक्षी पंख कसे हलवतो ते त्यानं त्यातून पाहिलं.

फोटोत आणखी एक गंमत कळली. बगळा उडताना मान दुमडून घेतो. करकोचा मान सरळ ठेवतो. लांबूनही ओळखता येतं.

शेवटी टिटवी बसली. तेवढ्यात शेकाटे आपले आपणच उडाले आणि मी बटण दाबलं. पाय छान आले आहेत, पण डोकं फोटोच्या बाहेर गेलं. तोच फोटो खाली चिकटवला आहे.