शेळ्यांच्या धारेस गाईचे यंत्र

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या धुऱ्यांवर पाच-दहा शेळ्या चरत नाहीत असे गाव विरळा. धार काढण्याची विजेची यंत्रे आता काही गोठ्यांत आली आहेत, व तेच यंत्र शेळीस लावावे काय, असा प्रश्न शेतकरी बंधू करितात. लाविता येते, मात्र जसेच्या तसे लावू नये. प्रस्तुत लेखकाने ती चूक केली आहे. हयात सातबाऱ्याचे उतारे लिहिण्यात गेली. यंत्र म्हणजे कळ दाबली की झाले, अशी समजूत. शेजारच्या गोठ्यातील यंत्र आणून आठ शेळ्यांस लाविले. चौथ्या दिवशी एका दुभत्या शेळीच्या सडांची टोके लाल व कठीण झाली, पुढे कासदाह होऊन कासेचे एक अंग कायमचे आटले. दोष यंत्राचा नव्हता. त्याची ओढ गाईच्या मापाची होती, ती मी बदलली नाही.

ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजितात. गाईस ती सुमारे १३ ते १५ इंच ठेवितात. शेळीस ११ ते १२ पुरे. तबकडीवर किलोपास्कल असल्यास ३७ ते ४० वर काटा असावा. पंप चालू करून, सर्व नळ्या बंद ठेवून, नियामक झडप हळूहळू सैल करीत काटा खाली आणावा. तबकडी बिघडलेली असेल तर यंत्र शेळीजवळ नेऊच नये.

ओढ अखंड राहिली तर सडात रक्त साकळते. म्हणून १८९५ साली ग्लासगोच्या डॉ. शील्स यांच्या यंत्रात ती मधूनमधून सैल करण्याची योजना आली. तीच आजचा पल्सेटर. गाईस मिनिटास ६० ठोके, शेळीस सुमारे ९० लागतात. रबरी नळीत अंगठा घालून घड्याळ समोर ठेवून मोजावे.

शेळीस सड दोनच. उरलेल्या दोन नळ्या घट्ट बुचाने बंद कराव्या, नाहीतर हवा शिरून ओढ डळमळते. शेळीसाठी निमुळत्या रबराचा दोन नळ्यांचा संच मिळाल्यास तोच घ्यावा. चार नळ्या दोन शेळ्यांस वाटून लावण्याचा मोह होतो, पण जिचे दूध आधी संपते तिच्या कोरड्या सडावर ओढ चालूच राहते.

शेळीस गुडघाभर उंच ओट्यावर उभी करून कास धुवावी व पुसावी. पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत घेऊन गाठी आहेत काय ते पाहावे. दोन-तीन मिनिटांत दूध उतरते. धार बारीक होताच आधी ओढ बंद करावी, मगच नळ्या काढाव्या.

चार-पाच शेळ्यांस हातच बरा, असे माझे मत आहे; यंत्र धुण्यातच तितका वेळ जातो. ज्यांच्याकडे वीस-पंचवीस दुभत्या आहेत त्यांनी विचार करावा. चिरलेले रबर मात्र कितीही नवे दिसो, त्याच दिवशी बदलावे. त्या चिरेत दूध नासून रोग एका शेळीचा दुसरीस जातो.