फूड व्हॅनला वीज कुठून आणायची? आधी युनिट मोजा, मग खर्च करा



गाडी घेतली, बॉडी बांधली, रंग झाला, नाव टाकलं आणि मग फोन येतो, "सर, लाइटचं काय करायचं?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी यायला हवा. बॅटरी कुठे बसणार आणि सिलिंडर कुठे राहणार, यावर बॉडीची आखणी ठरते. आणि विजेची निवड चुकली, तर तिचा खर्च रोज गल्ल्यातून जातो. व्हिडिओमध्ये आकडे भरभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरण एकच घेऊ. छोट्या हत्तीवर बांधलेली व्हॅन. कॉलेजजवळ दुपारी 2 ते रात्री 10 उभी राहते. चहा, ग्रिल सँडविच आणि ज्यूस विकते.

पायरी 1 : यादी करा

प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. 1000 वॅट-तास म्हणजे आपल्या बिलावरचं 1 युनिट. एवढंच गणित आहे.

- छोटा डीप फ्रीझर, 120 वॅट. कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, 8 तासांत साधारण निम्मा वेळ चालतो : 500
- मिक्सर, 750 वॅट, दिवसभरात मिळून पाऊण तास : 560
- एलईडी दिवे, 10 वॅटचे 4, 5 तास : 200
- एक्झॉस्ट फॅन, 40 वॅट, 6 तास : 240
- बिलिंग मशीन, साउंडबॉक्स, मोबाइल चार्जिंग, 20 वॅट, 8 तास : 160

बेरीज 1660 वॅट-तास, म्हणजे पावणेदोनच्या आसपास, 1.66 युनिट. बरेच जण ही यादी न करताच "5 केव्हीएचा जनरेटर लागेल ना?" असं विचारतात. यादी केल्यावर कळतं की गरज बरीच छोटी आहे.

पायरी 2 : गरम करायची कामं विजेवरून काढा

आता याच यादीत 2000 वॅटची इंडक्शन शेगडी दिवसाला 2 तास धरा. झाले 4000. त्यात 1800 वॅटचा इलेक्ट्रिक ग्रिलर प्रत्यक्ष 2 तास धरा. झाले 3600. एकूण आकडा 1.66 वरून थेट 9.26 युनिटवर जातो. साडेपाच पट! दोनच वस्तूंनी अख्खं गणित बदललं.

म्हणून माझा साधा नियम लक्षात ठेवा : जे गरम करायचं ते गॅसवर, जे थंड करायचं किंवा फिरवायचं ते विजेवर. चहाची शेगडी गॅसची, ग्रिलरही गॅसचा घ्या. सिलिंडर 19 किलोचा कमर्शियलच हवा. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही.

तुमचा पदार्थच विजेच्या उष्णतेवर अवलंबून असेल, उदाहरणार्थ मोठं कॉफी मशीन, तर फिरत्या व्हॅनचा हट्ट सोडा. जिथे वीज कनेक्शन मिळेल अशी पक्की जागा आधी शोधा.

पायरी 3 : वीज येते कुठून? चार वाटा

जनरेटर. लगेच मिळतो, कुठेही चालतो, पाऊस-ऊन काही बघत नाही. अडचण अशी की लोड कमी असला तरी इंजिन फिरतच राहतं. 2-3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर हलक्या लोडवरही तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल खातो. शिवाय आवाज. ग्राहक मोठ्याने ऑर्डर सांगतो आणि शेजारचे दुकानदार तक्रार करतात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल आहे.

लाइनची वीज. सगळ्यात स्वस्त. जागा पक्की असेल तर महावितरणकडे व्यावसायिक कनेक्शनची चौकशी करा. जागा पक्की नसेल तर रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे बॅटरी चार्ज करायची. मात्र घरगुती मीटरवरून रोज धंद्याचं चार्जिंग करू नका. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो. आधी महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या.

गाडीचा अल्टरनेटर. गाडी चालताना बॅटरी भरते, त्यातला थोडा वाटा आपल्याला मिळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. 30 अँपिअरचा चार्जर तासाभरात जेमतेम 0.4 युनिट देतो. येता-जाता मिळून तासभर ड्रायव्हिंग असेल तर तेवढीच भर. अल्टरनेटरची तेवढी ताकद शिल्लक आहे का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. आणि गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीवर फ्रीझर कधीही जोडू नका. रात्री 10 ला गाडी सुरूच होणार नाही.

सोलर. 550 वॅटचं पॅनल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट असतं. छोट्या हत्तीच्या टपावर एकच बसतं. उन्हाळ्यात मोकळ्या जागी त्यातून दिवसाला दीड ते दोन युनिट मिळू शकतात. पण आपण गाडी उभी करतो झाडाखाली, कारण ग्राहकाला सावली हवी! सावलीत आणि पावसाळ्यात हा आकडा एकदम पडतो. सोलर मदतीला ठेवा, सगळा धंदा त्याच्या भरवशावर नको.

पायरी 4 : बॅटरी किती मोठी?

आपली गरज 1660. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे 15 टक्के धरले की 1910. गर्दीच्या दिवसासाठी वर 20 टक्के राखीव ठेवले की साधारण 2300 वॅट-तास.

लिथियम फॉस्फेट बॅटरी, 25.6 व्होल्ट 100 एएच म्हणजे 2560 वॅट-तास. त्यातले 90 टक्के वापरता येतात, म्हणजे 2300. बरोबर बसलं. वजन साधारण 25 किलो.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी, 12 व्होल्ट 150 एएच म्हणजे 1800 वॅट-तास. तिचं आयुष्य टिकवायचं तर रोज निम्मीच वापरायची, म्हणजे 900. अशा 3 लागतील. एकेक 50 किलोच्या वर. म्हणजे दीडशे किलोहून जास्त वजन रोज फिरवायचं. छोट्या हत्तीची वजन उचलण्याची मर्यादाच साधारण 750 किलो. बॉडी, फ्रीझर, सिलिंडर, पाणी आणि माल याच मर्यादेत बसवायचा आहे. खरेदीला ट्युब्युलर स्वस्त, पण चाकावरच्या धंद्यात लिथियम परवडते.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आणि किमान 1500 वॅटचा घ्या. सगळं एकदम चालू झालं तर आपला लोड 970 वॅट होतो, आणि मिक्सर-फ्रीझर सुरू होताना काही क्षण कितीतरी जास्त करंट ओढतात. सिस्टिम 24 व्होल्टची ठेवा. 1500 वॅटला 12 व्होल्टवर 125 अँपिअर लागतात, 24 वर 62. करंट जितका कमी, तितकी वायर कमी तापते.

पायरी 5 : खिशाचा हिशेब

पेट्रोल 105 रुपये, वीज 12 रुपये युनिट आणि महिन्याला 26 दिवस धंदा असं धरू. तुमच्या गावचे दर घालून पुन्हा करा.

जनरेटर : 8 तासांत 4 लिटर, रोज 420 रुपये, महिन्याला 10,920.
बॅटरी : चार्जिंगला अडीच युनिट, रोज 30 रुपये, महिन्याला 780.

फरक महिन्याला दहा हजारांचा. एका सँडविचमागे तुम्हाला 20 रुपये सुटत असतील, तर जनरेटरवाल्याची रोजची पहिली 21 सँडविच पेट्रोल पंपाची! गाडीचा हप्ता त्यानंतर.

समजा बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर मिळून कोटेशन 90,000 चं आलं. तर 9 महिन्यांत पैसे वसूल.

पण थांबा. तुम्ही रोज उभे राहत नसाल, महिन्यातून 4 दिवस जत्रा किंवा लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल, तर बचत महिन्याला फक्त 1,560 रुपये. 90,000 वसूल व्हायला पावणेपाच वर्षं लागतील. अशा माणसाने कर्ज काढून बॅटरी घेऊ नये, भाड्याचा जनरेटर बरा. महिन्याचे किती दिवस धंदा करणार, यावर वीज ठरते.

सुरक्षितता आणि कागद : इथे पैसे वाचवू नका

- जनरेटर व्हॅनच्या आत किंवा बंदिस्त जागेत कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होऊन दगावतो.
- एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. बॅटरी-इन्व्हर्टर सिलिंडरच्या कप्प्यात किंवा त्याच्या शेजारी खाली बसवू नका. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी ठेवा.
- बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. बाहेरून लाइन घेताना एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंग हवंच. बॉडी पत्र्याची आहे, ग्राहक ओल्या हाताने तिला टेकतो.
- गाडीत बदल करण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. विनापरवानगी बदल केला तर विम्याचा दावाही अडू शकतो.

गृहपाठ

आज रात्री तीन ओळी लिहा. रोजचे वॅट-तास किती, महिन्याचे धंद्याचे दिवस किती, आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार. हे तीन आकडे घेऊनच इलेक्ट्रिशियनकडे आणि बॅटरीच्या दुकानात जा. दोन-तीन ठिकाणची कोटेशनं घ्या, प्रत्येकाला महिन्याच्या बचतीने भागा. उत्तर 12 महिन्यांच्या आत आलं तर पुढे जा. त्याहून बरंच जास्त आलं तर आधी ग्राहक वाढवा, बॅटरी नंतर.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत हिशेब चोख ठेवा!