राउटर बदलल्यावर घरातील उपकरणे पुन्हा कशी जोडावीत?

इंटरनेटची कंपनी बदलली किंवा जुना राउटर निकामी झाला की घरात नवा राउटर येतो. बसविणारा माणूस एका मोबाइलवर इंटरनेट चालू करून दाखवितो व निघून जातो. मग लक्षात येते की टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, मुलांचा लॅपटॉप यांपैकी काहीच चालत नाही. त्यातच शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो अखेरचा दिवस असेल तर सारे घर हवालदिल होते. वास्तविक उपकरणे बिघडलेली नसतात.

आम्ही बँकेतील माणसे खातेदाराचे नाव आणि नमुना सही ताडून पाहतो. उपकरणेही तसेच करतात. त्यांना राउटरचा डबा ओळखीचा नसतो. वाय-फायचे नाव व पासवर्ड एवढेच त्यांच्या स्मरणात असते. हे दोन्ही जुळले की बहुतेक उपकरणे आपोआप जोडली जातात. त्यासाठी पुढील क्रम ठेवावा.

१) जुना राउटर काढण्यापूर्वी त्याचे नाव व पासवर्ड वहीत लिहून घ्यावा. इंग्रजी लहान-मोठी अक्षरे व मोकळी जागा जशीच्या तशी उतरवावी.

२) नव्या राउटरच्या मागे किंवा खाली चिकटविलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो टाकून सेटिंग उघडावे व जुनेच नाव आणि पासवर्ड द्यावा. मात्र तो पासवर्ड साऱ्या आळीला ठाऊक झाला असेल तर नवा ठेवावा आणि प्रत्येक उपकरणात भरण्याचे कष्ट घ्यावेत.

३) २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा पद्धत अनेक जुन्या उपकरणांना कळत नाही. अशा वेळी डब्ल्यूपीए-२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा.

४) पुष्कळ कॅमेरे, प्रिंटर व स्मार्ट दिवे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांना ५ गिगाहर्ट्झचे जाळे दिसतच नाही. राउटर दोन्हींना वेगळी नावे देत असेल तर जुने नाव २.४ ला द्यावे.

५) प्रिंटर वाय-फायला जोडलेला दिसतो, तरी छपाई होत नाही, असेही घडते. नव्या राउटरने त्याला घरातील नवा पत्ता दिलेला असतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद धाडीत असतो. संगणकातून प्रिंटर काढून पुन्हा जोडावा.

६) सेटिंग उघडण्याचा पासवर्ड वेगळा असतो. कंपनीने दिलेला तो पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. जुना राउटर परत देताना किंवा भंगारात घालताना रिसेटचे बटण दाबून त्यातील माहिती पुसावी, अन्यथा आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते.

विद्यार्थी मित्रांनी हे काम शिकून घ्यावे व शेजारच्या वृद्धांच्या घरीही करून द्यावे. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा त्यांना याच जाळ्यातून दिसत असतो.