जुना संगणक, नवे यंत्र आणि रेंगाळणारा आवाज

भारतातील शाळांमधून संगणकशिक्षण देण्याचा पहिला मोठा उपक्रम १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या संक्षिप्त नावाने हाती घेण्यात आला. त्यासाठी इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक निवडण्यात आला होता. ते यंत्र आता चालू स्थितीत क्वचितच पाहावयास मिळते. त्याच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या मात्र आजच्या संगणकावरही चालू शकतात. जुन्या यंत्राचा प्रोसेसर, त्याची स्मृती, त्याचे घड्याळ आणि त्याची ध्वनिचिप या सर्वांचे काम हुबेहूब करून दाखविणारी एक आज्ञावली नव्या संगणकावर बसविली, की जुनी आज्ञावली मूळ यंत्रावर चालावी तशी चालू लागते. या सोंग घेणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. ज्यावर ती चालते तो संगणक ‘यजमान’ आणि तिच्या पोटात उभा राहणारा जुना संगणक ‘पाहुणा’, असे संबोधण्याचा प्रघात आहे.

शाळा, ग्रंथालये व अभिलेख सांभाळणारी कार्यालये यांना या साधनाची गरज आता वारंवार भासते. १९९० नंतरच्या दशकात सीडीवर आलेले भाषेचे धडे, उच्चारपाठ, ध्वनिमुद्रित मुलाखती यांपैकी पुष्कळ साहित्य त्या काळच्या डॉस किंवा विंडोज ९८ या प्रणालींवरच उघडते. ते एम्युलेटरमध्ये उघडले असता चित्र व मजकूर व्यवस्थित दिसतो, पण आवाज मात्र रेंगाळतो, अशी तक्रार सर्रास आढळते. यात आश्चर्य नाही. चित्र क्षणभर उशिरा आले तर डोळा ते चालवून घेतो. ध्वनी मात्र काळाशी बांधलेला असतो. त्यातील थोडीशी ढिलाईही कानाला तत्काळ जाणवते.

अशा वेळी दिसेल ती मांडणी बदलून पाहण्याकडे कल असतो. ही रीत चुकीची आहे, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे दोष कशाने गेला किंवा कशाने वाढला हे पुढे उमगतच नाही. कान आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ, एवढ्या सामग्रीवर निदानाचे बरेच काम होऊ शकते.

कानाने काय ऐकावे

प्रथम एवढेच ठरवावे की, आवाजाची केवळ लय मंदावली आहे, की लयीबरोबर स्वरही उतरला आहे, की आवाज मधून मधून तुटतो आहे. या तिन्ही गोष्टींची कारणे भिन्न आहेत.

स्वर उतरला असेल आणि आवाज सलग असेल, तर नमुन्यांच्या दरात तफावत असण्याचा संभव सर्वाधिक असतो. संगणकात ध्वनी नमुन्यांच्या रूपाने साठविला जातो. संगीताच्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. चित्रफितींसाठी ४८,००० हा दर रूढ आहे. पाहुण्याने ४८,००० च्या दराने दिलेले नमुने यजमानाने ४४,१०० च्या दराने वाजविले, तर ६० सेकंदांचा मजकूर सुमारे ६५.३ सेकंद चालतो. ४४० हर्ट्‌झचा स्वर ४०४ हर्ट्‌झच्या आसपास येतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगावयाचे, तर काळी एकमध्ये गायिलेली चीज पांढरी एकच्याही खाली ऐकू येते. संगीताच्या शिक्षकाला हा दोष पहिल्या आलापातच कळेल. केवळ बोलणे ऐकणाऱ्याला मात्र वक्त्याचा आवाजच तसा आहे असे वाटून तो निघून जाईल.

एका मिनिटाला दोन मिनिटे लागत असतील आणि स्वर नेमका एक सप्तक खाली असेल, तर दर निम्मा धरला गेला आहे, किंवा डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचे नमुने एकाच वाहिनीचे समजून एकापुढे एक वाजविले जात आहेत. एका मिनिटाला ७२ सेकंद लागत असतील व स्वर जवळजवळ मूळचाच असेल, तर कारण दूरचित्रवाणीच्या पद्धतीत शोधावे. अमेरिका व जपानमधील घरगुती संगणकांचा पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा रंगविला जाई; युरोपात व भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत तो ५० वेळा रंगविला जाई. कित्येक खेळांतील संगीताची लय या पडद्याच्या ठेक्यावर बेतलेली असे. अमेरिकी आवृत्ती पाल पद्धतीच्या पाहुण्यावर चालविली, तर लय एक-षष्ठांशाने कमी होणारच. येथे यंत्राला दोष नाही. पाहुण्याचा प्रकार बदलला की काम झाले.

वरील सर्व आकड्यांत एक गोष्ट समान आहे. प्रमाण ठरलेले असते आणि तीन वेळा मोजले तरी तेच येते. मोजणी दर वेळी निराळी येऊ लागली, कधी ६३ सेकंद तर कधी ७०, तर दराचा विचार सोडून द्यावा. यजमानावर भार पडत आहे, असे समजावे.

भाराचे प्रश्न

एम्युलेटर तयार झालेले नमुने बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात भरतो आणि ध्वनिउपकरण तेथून ते उचलते. १,०२४ नमुन्यांचा बफर ४४,१०० च्या दराने जेमतेम २३ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या अवधीत पुढचा साठा तयार झाला नाही, तर आवाज तुटतो. काही एम्युलेटर हा खंड लपविण्यासाठी आहेत तेच नमुने ताणून वाजवितात. मग आवाज तुटत नाही, पण लडखडत संथ होतो. बफर दुप्पट करण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. यजमानाला मधूनच एखादा अडथळा येत असेल तर तो लागू पडतो. यजमान मुळातच कमी पडत असेल तर मात्र नाही. घागर मोठी घेतल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही. शिवाय मोठ्या बफरमुळे बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते, ती वेगळीच.

डॉसच्या आज्ञावल्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डॉसबॉक्स’ या एम्युलेटरमध्ये पाहुण्याचा वेग ‘सायकल्स’ या आकड्याने ठरतो. कंट्रोल व एफ-१२ या कळा दाबल्या की तो वाढतो, कंट्रोल व एफ-११ दाबल्या की कमी होतो. येथे एक चकवा आहे. आकडा फार लहान ठेवला, तर पाहुण्याला वेळेवर ध्वनी सिद्ध करता येत नाही; फार मोठा ठेवला, तर यजमानाची दमछाक होऊन तोच दोष उद्भवतो. म्हणून आवाज तुटू लागला की आकडा वाढवीतच जाणे योग्य नव्हे. थोडा वाढवून व मग थोडा घटवून, दोन्ही बाजूंनी ऐकून पाहावे.

विंडोजसारखी संपूर्ण प्रणाली ‘क्यूएमू’ या एम्युलेटरमध्ये चालविताना भाराचे प्रमाण बरेच अधिक असते, कारण पाहुण्याच्या प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करावे लागते. पाहुणा व यजमान यांचे प्रोसेसर एकाच कुळातील असतील, तर हे भाषांतर टाळता येते. लिनक्समध्ये त्यासाठी ‘केव्हीएम’ ही सोय २००७ पासून आहे. मात्र संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत तिला आधार देणारी प्रोसेसरची सुविधा चालू केलेली असावी लागते. ती पुष्कळदा बंदच असते. प्रोसेसरचे कूळ निराळे असेल, तर या सोयीचा उपयोग नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालत असताना वीज वाचविण्यासाठी प्रोसेसर स्वतःहून मंदावतो, हेही तपासून पाहावे. वायर जोडताच बरा होणारा दोष पुष्कळांनी आठवडाभर शोधलेला असतो.

पाहुण्याच्या घड्याळाकडेही एकदा पाहणे अगत्याचे आहे. आयबीएम पद्धतीच्या जुन्या संगणकात मूळ घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देई आणि आज्ञावल्या आपल्या गरजेप्रमाणे हा ठोका अधिक जलद करून घेत. यजमान व्यग्र असला की यांतील काही ठोके गळतात. पाहुण्याच्या पडद्यावरील घड्याळ दहा मिनिटांत यजमानाच्या मागे पडू लागले, तर संगीताची लयही त्याच कारणाने मंदावली असण्याचा संभव फार मोठा आहे.

मूळ वेग कोणता?

याच्या उलटही घडते. क्रिएटिव्ह कंपनीच्या सुरुवातीच्या ‘साउंड ब्लास्टर’ कार्डाला नमुन्यांचा दर थेट सांगता येत नसे. १० लाखाला एका पूर्णांकाने भागून जो दर निघेल तोच स्वीकारावा लागे. २२,०५० हवे असता ४५ ने भागून २२,२२२ मिळे. म्हणजे मूळ यंत्रावरच एका मिनिटाचा मजकूर जवळजवळ अर्धा सेकंद आधी संपत असे. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये दर थेट सांगण्याची सोय झाली. तेव्हा जुने कार्ड निवडलेला एम्युलेटर असा किंचित वेगळा वेग दाखवीत असेल, तर तो बिघाड नसून प्रामाणिकपणा होय.

ध्वनीची प्रत काढून ती जतन करावयाची असेल तेव्हा या निदानाला विशेष महत्त्व येते. दर चुकल्यामुळे संथ झालेली प्रत नंतरही सुधारता येते. प्रमाण ठाऊक असल्यास फाइलमध्ये नोंदलेला दर बदलणे पुरते आणि एकही नमुना वाया जात नाही. भारामुळे तुटलेल्या प्रतीत मात्र गळालेले नमुने कोठेच नसतात. मूळ सीडी पुढे वाचता आली नाही, तर मुलाखतीतील तो शब्द कायमचा गेला.

म्हणून स्पीकरमधून बाहेर आलेला आवाज पुन्हा मुद्रित करण्याऐवजी एम्युलेटरच्या आतूनच प्रत घ्यावी. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल व एफ-६ दाबल्यास ध्वनी थेट फाइलमध्ये उतरू लागतो आणि पुन्हा दाबल्यास थांबतो. ही फाइल निराळ्या साध्या वादकावर ऐकावी. ती ठीक वाजली, तर दोष यजमानाच्या ध्वनिउपकरणात किंवा बफरमध्ये आहे. तीही रेंगाळली, तर पाहुण्याच्या मांडणीत आहे. एम्युलेटरची आवृत्ती, सायकल्सचा आकडा, निवडलेले कार्ड आणि नमुन्यांचा दर या चार गोष्टी प्रतीसोबत त्याच दिवशी टिपून ठेवाव्यात.